रहमतबीचं खमीर

चंद्रपूर
५ फेब्रुवारी २०२४

नाजिया बेटी,

अस्सलाम वालेकुम. मुजफ्फर ड्रायव्हरच्या हाती बरणी पाठवतो आहे. त्याची ट्रॅव्हल्स पुण्याला पोचली की तुला फोन येईल. झाकण घट्ट लावू नको असं त्याला तीनदा बजावलं आहे, नाहीतर आतलं खमीर फुगून वाशीमच्या आसपास बरणी फोडेल आणि प्रवासी माझ्या नावानं खडे फोडतील.

फोनवर तू बोललीस त्यातलं मला निम्मंच ऐकू आलं. कान गेले आता. जिशानला मध्ये उभं केलं तर माझा मुलगा माझ्या दहा वाक्यांची दोन करून सांगतो. म्हणून पत्र. तुला उर्दू वाचता येत नाही आणि मला इंग्रजी, तेव्हा मराठी शाळेनं मामा-भाचीवर उपकारच केले म्हणायचे.

तुमच्या प्रयोगशाळेला उन्हाला न घाबरणारं यीस्ट हवं आहे, एवढं मला समजलं. मग तू बरोबर दारात आलीस. आपल्या चंद्रपूरच्या मे महिन्यात, वर भट्टीच्या भिंतीला टेकून, पाव फुगवणारं हे खमीर माझ्या आजोबांपासून जगत आलं आहे. त्यांनी ते कामठीच्या छावणीतल्या बेकरीतून आणलं. रोज थोडं काढायचं, पाव करायचा, उरलेल्याला मैदा-पाणी घालायचं. आजोबांनंतर अम्मीनं सांभाळलं, अम्मीनंतर तुझ्या मुमानीनं, माझ्या रहमतनं. मुमानी तर दवाखान्यात शेवटच्या दिवसांतही मला विचारायची, "खमीरले जेवण देल्लं का?" मी जेवलो का, हे नंतर.

तुला आठवतं का माहीत नाही, तू तेव्हा लहान होतीस. तुझ्याच वयाची माझी लेक शाहीन काविळीनं गेली, तेव्हा घरातलं सगळं गेलं असं वाटलं होतं. खमीर मात्र राहिलं. आता रहमतही गेली त्याला दुसरं वर्ष लागलं. तरी ते आहेच.

डॉक्टरनं मला धूर बंद केला आहे. या वर्षी भट्टी विझेल. जिशान विजेचा ओव्हन आणणार आणि बाजारचं यीस्ट वापरणार. म्हणून माझं एकच मागणं आहे. तुमच्याकडे असे जीव गोठवून वर्षानुवर्षं ठेवण्याची पेढी आहे म्हणालीस, तिथं रहमतच्या खमिराला जागा दे. मी गेल्यावरही ते कुठंतरी असावं.

तुझा
गफ्फार मामू


पुणे
२१ फेब्रुवारी २०२४

प्रिय मामू,

वालेकुम अस्सलाम. बरणी फुटली नाही. पण मुजफ्फरभाईंची गाडी अर्धा दिवस पावाच्या वासानं भरली होती आणि लोक बेकरी कुठं आहे ते विचारत होते, असं ते सांगत होते.

जिशानभाईनं गाळलेलं मी सगळं लिहिते. कारखान्यात मोठमोठ्या टाक्यांत यीस्टला साखरेचा रस खाऊ घालून इथेनॉल करतात. हे यीस्ट म्हणजे एक बुरशीच, फक्त डोळ्यांना न दिसण्याइतकी बारीक. काम करताना टाकी तापते आणि तापली की बिचारं यीस्ट मरतं. म्हणून टाकी गार ठेवण्यावर पाण्यासारखा पैसा जातो. उष्णता सोसणारं यीस्ट मिळालं तर हा सगळा खटाटोप वाचेल. आमच्या सरांना मी म्हटलं, सर, चंद्रपूरला जे जगलं ते कुठंही जगेल.

आता पुढचं काम. प्रत्येक यीस्टच्या पोटात त्याची स्वतःची एक लिपी असते, सव्वा कोटी अक्षरांची. ती आम्ही पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत वाचतो. शितावरून भाताची परीक्षा नाही मामू, सगळा भात उपसून बघायचा. मग जगभरच्या यीस्टशी ताडून पाहतो. कुणाशीच जुळलं नाही तर ते नवं. नव्याला पेढीत कायमची जागा मिळते आणि नाव मिळतं. जुनंच निघालं तर जागा मिळत नाही, तो नियम आहे.

पण तुमचं नवंच असणार. नळीवर मी आत्ताच 'रहमत' लिहून ठेवलं आहे. शाहीन मला पूर्ण आठवते. आम्ही दोघींनी तुमच्या मैद्याच्या पोत्यावर बसून कच्ची नानखटाई चोरून खाल्ली होती.

तुमची
नाजिया


चंद्रपूर
१५ एप्रिल २०२४

नाजिया बेटी,

ईद मुबारक. शीरखुर्मा केला होता, पण रहमतचा हात त्यात नव्हता. सून आफ्रीन मन लावून करते, तिला नाव ठेवत नाही. मात्र मी वाटी अर्धी ठेवली आणि तिनं ते पाहिलं.

तुझी सव्वा कोटी अक्षरं वाचून झाली का? मी मोहल्ल्यात सांगून बसलो आहे. मशिदीतून निघताना गुणवंतराव गुरुजी भेटतात, ते रोज विचारतात, गफ्फारभाई, वहिनींचं नाव लागलं का? मी म्हणतो, सरकारी काम आहे, लागेल. ऊन आत्ताच डोक्यावर नाचतं आहे. खमीर दुपारी बरणीच्या तोंडाशी येतं. आफ्रीन त्याच्या जवळ कुणाला फिरकू देत नाही, मलाही नाही. म्हणते, अब्बा तुमी बसा, मी करते. रहमतनं तिला शेवटी शिकवलं होतं ना.

पोरी, एक सांगतो. तुझं पत्र आलं की शाहीन आज केवढी असती ते मला कळतं. म्हणून तुझ्या पत्राची जरा जास्तच वाट बघतो. राग मानू नको.

गफ्फार मामू


पुणे
१० जून २०२४

प्रिय मामू,

हे पत्र मी तीन वेळा फाडलं. शेवटी ठरवलं की तुमच्यापासून लपवायचं नाही.

वाचन पूर्ण झालं. तुमचं खमीर बाजारात पुडीत मिळतं त्याच यीस्टचं आहे. कारखान्यात बनणारं, अगदी साधं. थोडंफार वेगळं नाही, तेच. उष्णतेतही ते पुडीतल्या यीस्टसारखंच मान टाकतं. मला वाटलं माझ्याच हातून नळ्यांची अदलाबदल झाली, म्हणून बरणीतून नवा नमुना घेऊन पुन्हा वाचलं. तेच आलं.

कामठीहून आलेल्या जुन्या यीस्टचा मागमूसही त्यात नाही. मला वाटतं हे अलीकडेच झालं असावं, मुमानीनंतर. कुणीतरी खमीर नीट फुगेना म्हणून पुडी टाकली असेल आणि पुडीतलं दांडगं यीस्ट जुन्याला खाऊन बसलं असेल. मुमानीच्या हातून असं होणं शक्य नाही.

पेढीत त्याला जागा मिळणार नाही. मामू, मला माफ करा.

नाजिया


चंद्रपूर
२६ जून २०२४

नाजिया,

तुझं पत्र मिळालं. बकरी ईदचे पाहुणे गेल्यावर मी जिशानला आणि आफ्रीनला समोर बसवून ते वाचून दाखवलं. मग तिला विचारलं, खमिरात पुडी कुणी टाकली?

तिनं ओढणी सारखी केली आणि म्हणाली, "मीच टाकते अब्बा."

एवढंच. काऊन टाकली, कधी टाकली, मी पुष्कळ विचारलं. मी बोलायला नको ते बोललो. तुझ्या मुमानीनं तिला लेकीसारखं मानलं, त्याची आठवण करून दिली. ज्या घरानं आजोबांपासूनची चीज सांभाळली, त्या घरात ती परक्या हातानं मेली, असंही म्हणालो. तिनं तरीही तोंड उघडलं नाही. जिशाननं उघडलं. त्याला गडचिरोलीला दवाखान्याच्या गाडीवर ड्रायव्हरची नोकरी मिळत होतीच, इतके दिवस माझ्यामुळे जात नव्हता. दोघं परवा बसनं गेली.

भट्टी विझवली. बरणी आहे तिथंच आहे. फेकवत नाही आणि जेवणही देववत नाही, पण सकाळी हात आपोआप मैद्याकडे जातो.

गफ्फार


पुणे
५ जुलै २०२४

प्रिय मामू,

तुमचं पत्र मिळालं. चूक माझी आहे. खमीर बदललं आहे एवढंच ती अक्षरं सांगतात. कधी बदललं, हे मी माझ्या मनानं जोडलं. मुमानीवर माझा जीव होता म्हणून 'मुमानीनंतर' असं लिहून बसले. शास्त्रात याला काही किंमत नाही, आणि तुम्ही त्यावरून घर मोडलंत.

आफ्रीनभाभीला बोलवून घ्या. आणि मला एक सांगा, मुमानीनं हे खमीर कधी कुणाला दिलं होतं का? बेकरीवाले एकमेकांना देतात ना? दुसऱ्या घरी गेलेली त्याची शाखा जिवंत असेल तर दोन्ही ताडून पाहता येतील.

नाजिया


चंद्रपूर
१२ सप्टेंबर २०२४

नाजिया बेटी,

दोन महिने तुझ्यावर रुसून बसलो होतो. रुसायला घरात दुसरं कुणी नाही. पण तुझा प्रश्न डोक्यातून जाईना, आणि एका सकाळी आठवलं. बायनाबाई!

माझा जुना कारागीर श्रीहरी, त्याची बायको. जिशान शाळेत होता तेव्हा श्रीहरीनं माझ्याकडचं काम सोडून सिंदेवाहीला स्वतःची छोटी भट्टी टाकली. निघताना रहमतनं बायनाबाईच्या हातात खमिराचा स्टीलचा डबा दिला होता. लेकीची पाठवणी केल्यासारखी दोघी रडल्या होत्या.

मी तडक एस.टी. पकडली. श्रीहरी आता नाही. पण स्टँडमागे बायनाबाई अजून पाव करते, धान संशोधन केंद्रातली माणसं चहाला तिच्याकडेच येतात. घरात बाबासाहेबांच्या तसबिरीखाली फळीवर तोच डबा! झाकणावर रहमतनं खिळ्यानं कोरलेला चाँदसुद्धा तसाच आहे. मी डबा छातीशी धरला. बायनाबाई म्हणाली, भाऊ, सांडन ना.

मी तिला आफ्रीनचं सांगितलं. ती पाव भाजायला उठून गेली. तिलाही वाईट वाटलं असणार.

सोबत तिचं खमीर पाठवतो आहे. आफ्रीनचा हात याला कधी लागलेला नाही. हे खरं आहे, रहमतचं आहे. पुन्हा वाच, आणि नळीवर लिहिलेलं नाव पुसू नको.

गफ्फार मामू


पुणे
१९ डिसेंबर २०२४

प्रिय मामू,

या वेळी फक्त अक्षरं जे सांगतात तेच लिहिते.

बायनाबाईंचं खमीरही पुडीचंच आहे. पण तेवढ्यावर थांबले असते तर तुम्ही म्हणाला असता, तिनंही टाकली असेल. म्हणून पुढचं नीट वाचा.

तुमच्याकडे नानखटाईचा लाकडी ठसा होता, आठवतो? त्याचा एक कोपरा उडाला होता, म्हणून त्यातून निघणाऱ्या प्रत्येक नानखटाईला तोच कोपरा नसायचा. यीस्टचंही तसंच आहे. पिढ्या वाढताना त्याच्या अक्षरांत कुठंकुठं टवके उडतात आणि मग ते पुढच्या सगळ्यांत उतरतात. तुमच्या आणि बायनाबाईंच्या खमिरात काही टवके अगदी एकाच जागी, एकसारखे आहेत. पुडीत ते नाहीत. म्हणजे ही दोन्ही एकाच बरणीतून निघाली, आणि निघाली तेव्हा त्या बरणीत पुडीचंच यीस्ट जुनं होऊन बसलेलं होतं.

मामू, बायनाबाई सिंदेवाहीला गेल्या तेव्हा आफ्रीनभाभी तुमच्या घरात आलेली नव्हती. बरणी मुमानीच्या हातात होती.

याहून जास्त मला माहीत नाही आणि या वेळी मी अंदाज करणार नाही. भाभीला माहीत असेल. तुम्ही तिच्याकडे जा. फोन नको, स्वतः जा.

'रहमत' लिहिलेली नळी नियमानं टाकायला हवी होती. मी अजून टाकलेली नाही.

तुमची
नाजिया


चंद्रपूर
२० जानेवारी २०२५

नाजिया बेटी,

गेलो होतो. आधी सिंदेवाहीला उतरलो, कारण आफ्रीनसमोर जायची हिंमत होईना. बायनाबाईला म्हटलं, तुले माहीत होतं. ती म्हणाली, होतं भाऊ, रहमतबाईनं शब्द घेतला होता. सप्टेंबरात तुमी डबा छातीशी धरला तेव्हा माह्या तोंडाशी आलं होतं, पण तुमचं तोंड पाहून गिळलं.

तिथून गडचिरोली. जिशान गाडीवर गेला होता. आफ्रीननं दार उघडलं, सलाम केला, पाणी दिलं. मी तिला तुझं पत्र वाचायला दिलं. वाचून ती बराच वेळ रडली. मग सगळं सांगितलं.

शाहीन गेली तो मे महिना होता. आपल्यात मय्यतीच्या घरी तीन दिवस चूल पेटत नाही, शेजारपाजारचे जेवण आणतात. आम्हाला जेवण आलं. खमिराला कुणी दिलं नाही. बंद भट्टीच्या खोलीत, त्या उन्हात, ते कुजलं. चौथ्या दिवशी रहमतनं झाकण काढलं तेव्हा वर काळी साय होती आणि वास सुटला होता. तिनं बरणी घासली, पवनच्या किराणा दुकानातून पुडी आणली, मैदा भिजवला आणि काही न बोलता त्याच जागी ठेवून दिली. मला सांगणारच होती, असं ती आफ्रीनला म्हणाली होती. संध्याकाळी सांगेन, असं ठरवलं होतं.

आणि त्या दुपारी मी पहिला पाव भाजला. तो हातात घेऊन मी काय म्हणालो ते मला स्वच्छ आठवतं. ती समोर उभी होती. मी म्हणालो, "पोरगी गेली रहमत, पन अम्मीचं खमीर तं राह्यलं. एवढं एक तरी माह्यासाठी राह्यलं." तो पाव मी रडत रडत खाल्ला. तीन दिवसांत पहिल्यांदा काही खाल्लं होतं.

मग ती कशी सांगणार? त्या दिवशी नाही सांगितलं, मग कधीच नाही. खमीर मंदावलं की चिमूटभर पुडी. सगळी वर्षं. मी येणाऱ्या-जाणाऱ्याला कामठीची गोष्ट सांगायचो आणि ती मागे उभी राहून मैदा चाळायची. दवाखान्यात आफ्रीनला जवळ घेऊन तिनं पुडीची जागा सांगितली आणि कसम घातली.

मी आफ्रीनला विचारलं, "मंग माह्या शिव्या काऊन खाल्ल्या पोरी? सांगून द्याचं होतं."

ती म्हणाली, "अम्मी म्हणे, अब्बाले नोको सांगू. सांगशीन तं त्याईची शाहीन दुसऱ्यांदा मरन."

नाजिया, मी बापाचं दुःख घेऊन बसलो होतो आणि रहमतला आईचं दुःख करायला वेळच दिला नाही. ती माझी काळजी घेत बसली. आता ती नाही, आणि हे बोलायचं तर तिच्याशीच बोलायला हवं.

आफ्रीनला घरी चल म्हणालो. हात जोडले. तिनं माझे हात खाली केले. म्हणाली, अब्बा, तुमी कधीपन या, जेवून जात जा, पन त्या घरात मी आता येनार नाई. आवाजात राग नव्हता. राग असता तर मी समजूत काढली असती. परक्या हाताचं मी बोललो होतो, ते तिथंच राहिलं आहे. तिनं डाळ-भात वाढला. मी वाटी पूर्ण संपवली.

नळी टाकून दे बेटी. नियम आहे तर आहे. पेढीत ठेवण्यासारखं त्यात काही नव्हतं, आणि जे होतं ते तुझ्या यंत्राला वाचता येत नाही.

शुक्रवारी नमाजनंतर मी स्वतः पवनच्या दुकानात गेलो. यीस्टची पुडी मागितली. त्याचा हात सवयीनं चालला. पुडी वर्तमानपत्रात गुंडाळली, वर आणखी एक कागद, आणि माझ्या पिशवीत अगदी खाली, कांद्यांच्या खाली सरकवली. मी विचारलं, असं काऊन? तर म्हणतो, चाचीनं असंच सांगून ठेवलं होतं, चाचाले दिसली नाई पायजे.

मी पुडी बाहेर काढली, कागद सोडवला आणि उघड्या हातात धरून मोहल्ल्यातून घरी आणली. गुणवंतराव गुरुजी दिसले. त्यांनी विचारलं नाही, मीच सांगितलं, वहिनींचं खमीर हे असं होतं.

एका परातीपुरती भट्टी पेटवली. डॉक्टरला सांगू नको. जूनपासून उपाशी राहून कुजलेली बरणी घासली, चिमूटभर पुडी टाकली, मैदा-पाणी घातलं. दुपारपर्यंत फुगून वर आलं. पाव चांगला झाला, नेहमीसारखाच. आता घरात खायला मी एकटा आहे.

तुझा
गफ्फार मामू